पोत्यातला उपास

बिसरामनं ठरवलं म्हणजे ठरवलं! मग वादळ येवो, लाईट जावो, नाहीतर नवरदेव पळून जावो, मंडप उभा राहणारच! गोरेगावच्या बाजारात कोणालाही विचारा. 'बिसराम मंडप डेकोरेशन' म्हटलं की लोक सांगतील, "मानूस बडबड्या हाये, पन कापड झकास बांधते!"

तर या बिसरामनं ईस्टरच्या आधीच्या ऐन उपासकाळात, मार्चचं ऊन तापत असताना ठरवलं, की आपण मंडळीचे पंच व्हायचं!

मंडळी म्हणजे गावाबाहेर, धानाच्या बांधीला, म्हणजे भातखाचराला लागून असलेल्या टिनाच्या शेडात भरणारी ख्रिस्ती मंडळी. घरं मोजकीच. जुने पंच चैतराम म्हातारपणी लेकाकडे तिरोड्याला राहायला गेले आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली. खरोखरची खुर्ची हं! पहिल्या रांगेत, बरोबर पंख्याखाली, हातांची, मरून रंगाची. आणि मजा बघा, ती खुर्चीही बिसरामच्याच गोदामातून आलेली!

पण खुर्ची देणं वेगळं आणि खुर्चीवर बसणं वेगळं. उभ्या तालुक्याला खुर्च्या पुरवता पुरवता बिचाऱ्याचे केस पांढरे झाले, पण "या बिसरामभाऊ, बसा" असं त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. "अबे खुर्चीवाल्या, दोन खुर्च्या इकडं आन!" एवढंच काय ते कौतुक. हे त्याच्या मनाला फार लागायचं. एकदा, फक्त एकदा तरी आपणही पहिल्या रांगेत बसावं आणि बाकीच्यांनी मागून आपली मान बघावी, एवढी साधी इच्छा होती त्याची.

पास्टर वीरेंद्र गोंदियाचे, तरुण, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी. त्यांनी रविवारी जाहीर केलं, "भाइयों और बहनों, शुक्रवार-शनिवार पूरी मंडळी उपास-प्रार्थना करेगी. आनेवाल्या रविवारी पंच निवडू. ज्याचा विश्वास खरा, तोच आपला पंच!"

त्यानंतर पास्टरांनी उपास कसा करावा यावर चांगला लांबलचक उपदेश केला. पण बिसरामच्या कानावर त्यातलं अक्षर पडलं नाही. लाउडस्पीकर शिट्ट्या मारत होता, म्हणून बिसराम शेडामागे दातात वायर धरून बसला होता. सगळ्या भानगडीचं मूळ ते हेच!

घरी येताच त्यानं बायकोला सांगून टाकलं, "मंगले, दोन दिवस आपन पानी बी पिनार नाई!"

मंगली तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली. "तुमच्याच्यानं होते का जी? पेज थोडी उशिरा भेटली तं घर डोक्यावर घेता."

"पंच व्हायचं हाये मले! त्या भूपेंद्रचा आवाज मोठा, मान्य. पन उपास कोनाचा मोठा, ते पाह्यतीन लोक!"

भूपेंद्र म्हणजे शेजारचा किराणा दुकानदार आणि पंचपदाचा दुसरा उमेदवार. प्रार्थना सुरू केली की बांधीतले बगळे उडून जायचे! बिसरामकडे लाउडस्पीकर होता खरा, पण तो लाईट गेली की मुका. भूपेंद्रला लाईट लागत नसे.

"उपास लोकाइनं पाहाचा असते का जी?" मंगलीनं विचारलं.

"मंगले, बावीस वर्सं मंडप बांधून राहिलो मी. आतले बांबू वाकडे हायेत का सरळ, कोनी पाह्यते का? लोक झालर पाह्यतेत, झालर!"

 मंगलीनं तांदळातला खडा उचलून बाहेर फेकला.

शुक्रवार उजाडला. बिसरामनं दाढी केली नाही, तोंड धुतलं नाही, केस विंचरले नाहीत. मंगलीच्या काजळाच्या डबीत बोट बुडवून डोळ्यांखाली हलकेच फिरवलं. ओठांना तांदळाचं पीठ चोळलं. आरशात पाहिलं, तर समोर असा माणूस की त्याला पाहून यमदूतानंही विचारावं, "भाऊ, बरं नाई वाटत का?" बिसराम जाम खूश झाला!

बाहेर येऊन बघतो तर मंगली न्हाऊन, डोक्याला चोपून तेल लावून, लग्नाला निघाल्यासारखी हसतमुख उभी! हातात हिरव्या बांगड्या!

"अवो, घरात उपास अन् तू नटून राहिली? लोक काय म्हनतीन?"

"काई नाई म्हनत," म्हणून ती निंदणाच्या कामाला निघून गेली, तीही गुणगुणत.

"हिच्यापायी माहा पंच बुडते!" बिसराम कपाळावर हात मारून म्हणाला. पण हातही त्यानं जपूनच मारला, काजळ पुसलं जाऊ नये म्हणून.

शुक्रवारी त्यानं काठी टेकत टेकत बाजारातून चक्कर मारली. मंडळीतलं जे कोणी भेटेल त्याला क्षीण आवाजात म्हणायचं, "जय मसीह की... पानी बी नाई... जय मसीह की." आणि खरं सांगायचं तर संध्याकाळपर्यंत त्यानं खरंच तग धरला. संध्याकाळी गोदामात खुर्च्यांच्या चळतीमागे बिस्किटांचे दोन पुडे सापडले आणि तिथं तो जरा डळमळला. पण बिस्किट म्हणजे काही जेवण नव्हे! त्यानं स्वतःला समजावलं, आणि तिसरा पुडा शोधला.

शनिवारी मात्र पोटात कावळे नाही, गिधाडं कोकलायला लागली. चार वाजता शेडात मोठी प्रार्थना होती. तोवर काय करायचं? "मी एकांतात प्रार्थना करायले जंगलाकडं जातो," असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगून त्यानं मोटरसायकलला किक मारली. मनात खरंच प्रार्थना होती हो! पण जंगलाचा रस्ता कोहमाऱ्याच्या चौकातून जातो आणि कोहमाऱ्याच्या चौकात कवडूचा ढाबा आहे. त्या ढाब्यावर त्या वेळी गावरान कोंबडीच्या रश्शाला फोडणी पडत होती, याला बिसराम काय करणार?

'नुसता वास घेऊ,' त्यानं ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवलं! पण खाटेवर बसल्याशिवाय वास नीट येत नव्हता.

कवडूनं त्याचं तोंड पाहिलं आणि घाबरलाच. "भाऊ, बीमार हाव का? डोळे खोल गेले! पातळ वरन देऊ?"

"वरन नोको. कोंबडी आन. भात आन."

पहिली प्लेट गेली, दुसरी गेली. कवडू भात वाढता वाढता थकला. "भाऊ, असा बीमार मानूस मी जिंदगीत नाई पाह्यला!"

तुडुंब होऊन बिसराम परत आला तो थेट गोदामात. आता शेवटची झालर बांधायची होती! जुन्या काळी लोक पश्चात्ताप करताना गोणपाट नेसत, हे त्यानं कधीतरी ऐकलं होतं. बस्स! आपणही पोतं घालायचं! गोदामात होत्या त्या युरियाच्या प्लास्टिकच्या थैल्या. त्यावर मोठ्ठ्या अक्षरांत '४६ टक्के नायट्रोजन' छापलेलं. ते काही पश्चात्तापाला शोभत नव्हतं. म्हणून त्यानं आदल्या दिवशीच बाजारातून शकुंतलाबाईकडून एक अस्सल तागाचं पोतं मागून आणलं होतं. शकुंतलाबाई मंडळीतल्या सगळ्यांत जुन्या बाई, बाजारात दुकान लावायच्या. "कायले पायजे भाऊ?" असं त्यांनी विचारलं तेव्हा यानं "रेती भराले" अशी थाप मारली. त्या कशाचं दुकान लावायच्या, याकडे मात्र साहेबांचं लक्ष गेलं नाही. त्या लाल मिरची विकायच्या!

पोत्याला कात्रीनं तीन भोकं पाडली, एक डोक्याला, दोन हातांना, आणि उघड्या अंगावर चढवलं.

चार वाजता बिसराम शेडाच्या दारात उभा राहिला आणि अख्खी मंडळी थिजली! भूपेंद्रची प्रार्थना अर्ध्यावर तुटली. हे आजवर कधी झालं नव्हतं!

"बिसरामभाऊ, ये क्या है?" पास्टर उठून उभे राहिले.

"पश्चात्ताप हाये पास्टरजी!" बिसराम खोल आवाजात म्हणाला. सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून टिपलं. मरून खुर्ची चार पावलांवर होती. जिंकलो, त्याला वाटलं.

आणि मग घाम सुटला.

वर टिन, भोवती माणसं, पोटात दोन प्लेटा कोंबडी आणि अंगावर मिरचीचं पोतं! आधी पाठीवर मुंगी चावल्यासारखं झालं. मग दहा मुंग्या. मग पाठ, पोट, काखा, सगळीकडे आगच आग! बिसराम आधी वळवळला. मग एका पायावर उडाला. मग दोन्ही पायांवर!

"हाय! हाय हाय हाय!"

"हालेलुया!" शकुंतलाबाई ओरडल्या. "पवित्र आत्मा उतरला वो बिसरामवर!"

"पानी!" बिसराम किंचाळला.

"प्रभूचं जिवंत पानी मागून राहिला!" कोणीतरी गहिवरून म्हणालं.

तो हापशीकडे धावायला गेला तर दहा जणांनी त्याला प्रेमानं धरलं आणि त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली. आता झालं काय, की ते जितके भक्तीनं दाबत, तितकी मिरची आत जाई! भूपेंद्रनं तर आपल्या जाड पंजानं बरोबर पाठीच्या मधोमध दाब दिला आणि सूर लावला. बिसरामच्या डोळ्यांतून धारा लागल्या, त्याही काळ्या!

"पाहा, काळे आसू!" सगळीकडे रडारड सुरू झाली.

मग पोटातून एक अशी कळ उठली की बिसरामचे डोळे फिरले. लाकूड पडावं तसा तो आडवा झाला.

"उपासानं गेला वो!" एकच कल्लोळ उठला. मंगली गर्दीतून वाट काढत आली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याच्याच पिकअपमध्ये, त्याच्याच बांबूंच्या बाजूला त्याला निजवलं आणि सगळी मंडळी गाणी गात सरकारी दवाखान्यात पोचली.

डॉक्टरीणबाई तरुण आणि कडक होत्या. "काय झालं? कधीपासून जेवले नाहीत?"

बिसरामनं तोंड उघडायच्या आत भूपेंद्रनं आपला भोंगा लावला, "कालपासून अन्नाचा कन नाई मॅडम! पानी बी नाई! साक्षात संत मानूस!" मनातून त्यालाही आता वाईट वाटत होतं. मरणाऱ्याशी काय स्पर्धा करायची!

"पाणीसुद्धा नाही? या उन्हात? अहो, जीव जाईल माणसाचा! नाकातून नळी टाकायची तयारी करा. गोंदियाला पाठवावं लागेल, ॲम्ब्युलन्स बोलवा!"

नर्सनं नळी काढली. बिसरामनं एक डोळा किलकिला करून पाहिलं. नळी चांगली हातभर लांब होती, तिच्या टोकाला काहीतरी चिकट लावणं चाललं होतं. त्यानं खिडकीकडे पाहिलं. खिडकीत अख्खी मंडळी, डोळ्यांत पाणी, ओठांवर त्याचंच नाव. पंचपद आता कुठंच जात नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. फक्त गप्प!

नळी नाकाजवळ आली.

"कोंबडी!" बिसराम ओरडला.

"काय?"

"कोंबडी खाल्ली मॅडम! कोहमाऱ्याले! दोन प्लेटा! अन् भात! अन् काल बिस्किटं! नळी नोको, पाया पडतो!"

 डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट दाबून पाहिलं. ते ढोलासारखं वाजलं.

"अजीर्ण," त्या म्हणाल्या. "आणि अंगावर हे लाल चट्टे कसले?"

शकुंतलाबाई पुढे झाल्या, पोत्याचा वास घेतला आणि लागोपाठ तीनदा शिंकल्या. "ओ माय! हे तं माह्यं मिरचीचं पोतं हाये! रेती भराले नेलं होतं ना भाऊ?"

नर्सनं ओल्या कापसानं त्याचं तोंड पुसलं, तर डोळ्यांखालची खोल वर्तुळं कापसावर आली. भूपेंद्र हसला. आधी एकटाच हसला, मग खिडकीतले सगळे हसले. आणि त्याचं हसणंही बगळे उडवणारंच होतं.

बिसराम भिंतीकडे तोंड करून पडला. मिरचीपेक्षा हे जास्त झोंबत होतं.

"बाई, तुम्ही का थरथरताय?" नर्सचा आवाज आला. ती मंगलीला विचारत होती. "साखरपाणी घ्या. यांच्यासाठी केलं होतं, यांना काही गरज नाही."

"नोको बाई," मंगली हळूच म्हणाली. "उद्या सकारी घेईन."

बिसराम वळला. त्यानं बायकोकडे पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच नीट पाहिलं. डोक्याला तेल, तोंड धुतलेलं, हातात हिरव्या बांगड्या, आणि ओठ पांढरेफटक. या ओठांना पीठ लावलेलं नव्हतं.

"तू... तू जेवली नाई का मंगले? कालपासून?"

"हळू बोला जी."

"काऊन नाई सांगतलं?"

"पास्टरजीनं सांगतलं होतं ना, उपास करा तं तेल लावा, तोंड धुवा, कोनाले समजू देऊ नोका. प्रभूनंच सांगतलं हाये म्हने. तुमी वायर जोडून राहिले होते तवा."

"अन् कोनासाठी केला?"

मंगलीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "कोनासाठी करीन? म्या म्हटलं, देवा, ह्या मानसाले पंच कर नाईतं नोको करू. तुही मर्जी. पन खरा कर."

  बिसरामच्या डोळ्यांतून पुन्हा धारा लागल्या. या वेळी त्या काळ्या नव्हत्या.

रविवारी शेडात पंचाची निवड झाली. भूपेंद्र घसा साफ करून तयारच होता, पण शकुंतलाबाई आधी उठल्या. "मंगलीले करा," म्हणाल्या आणि बसल्या. कोणी हात वर करा म्हटलंच नाही, तरी सगळे हात वर! भूपेंद्रचाही वर गेला. उशिरा गेला, पण गेला.

मंगलीला मरून खुर्चीवर बसवलं तेव्हा ती अवघडून अगदी काठावर बसली. तिनं मागे वळून खुणेनंच बिसरामला बाजूला बोलावलं. त्यानं नकाराची मान हलवली आणि शेडामागे जाऊन लाउडस्पीकरची वायर धरून बसला. पण या वेळी कान उघडे ठेवून बसला.

आता तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट. पण बिसरामनं पुन्हा ठरवलं! पुढच्या शुक्रवारी आपण उपास करायचा, खराखुरा, मंगलीसारखा, कोणाला पत्ता लागू न देता! आणि ठरवलं म्हणजे ठरवलं!

शुक्रवारी पहाटे उठून त्यानं गुळगुळीत दाढी केली, तोंड खसाखसा धुतलं, केसांना तेल चोपडलं आणि इस्त्रीचा शर्ट घातला. मंगलीला म्हणाला, "आज लग्नाचा मंडप हाये, जेवन तिकडंच." तिनं बरं म्हटलं.

लग्न कोणाचं? एका मोठ्या शेतकऱ्याचं. आणि स्वयंपाकाला कोण? कोहमाऱ्याचा कवडू! मंडप बांधायचा तो बरोबर कढईच्या वाऱ्याखाली! सकाळी पोहे, दुपारी वडे, मग जिलेबी. बिसराम बांबूवर चढला की वास वर येई. खाली उतरला की वास खालीच होता.

"काय बिसरामभाऊ, आज तं चमकून राहिले!" कवडू ओरडला. "कुठून हाणून आले? या, प्लेट वाढतो!"

"नोको, पोट भरलं हाये."

"भरलंच असन!" एवढं बोलून कवडू असा हसला, की सगळा मांडव हसला. तिथं किराणा घेऊन आलेला भूपेंद्रही होता. "आजचा उपास किती प्लेटांचा हाये भाऊ?"

बिसरामच्या जिभेवर शब्द आले होते. अबे, काल रातपासून कन नाई पोटात, खरंच नाई, देवाशप्पथ! दात त्या शब्दांवर घट्ट मिटून तो पुन्हा बांबूवर चढला आणि झालर बांधू लागला. झालर जरा वाकडी झाली. पण आतले बांबू मात्र त्यानं त्या दिवशी एकेक तपासून पाहिले आणि पक्के बांधले.

दिवस मावळताना तो घरी आला. मंगली चुलीपाशी होती. तो तिच्यासमोर बसला, उठला, पुन्हा बसला. ज्या गोष्टीसाठी अख्खा दिवस हसू सोसलं, ती आता पोटात मावत नव्हती. एवढ्या मोठ्या दुनियेत एका तरी माणसाला कळायला नको का?

"मंगले, एक गोष्ट सांगू का?"

मंगलीनं त्याच्याकडे बघितलं. तेल लावलेलं डोकं, धुतलेलं तोंड, पांढरे ओठ. ती हसली, अगदी डोळ्यांतून हसली.

"नोको सांगू जी," ती म्हणाली.

आणि बिसराम गप्प बसला हो! खरंच गप्प बसला! ठरवलं म्हणजे ठरवलं.

पण त्याच्या पोटानं काही ठरवलेलं नव्हतं. त्याच क्षणी ते असं गडगडलं, की शेजारच्या घरातून भूपेंद्रच्या बायकोनं ओरडून विचारलं, "बिसरामभाऊ, लाउडस्पीकर चालू झाला का वो?"